भावोजींचा रिपोर्ट

अल हैल, मस्कत
१५ नोव्हेंबर २०२३

प्रिय रईसाआपा,

अस्सलाम अलैकुम. इथे सगळे बरे आहेत. आमच्या छोट्या अल्फियाने तुला मराठीत पत्र लिहायला घेतलं आणि दोन ओळींत दमली. मजीद उद्या गावी निघतोय, त्याच्यासोबत खजूर आणि हे पाकीट पाठवतोय. फोनवर तू रडशील आणि मी गप्प बसेन, म्हणून लिहितोय.

तुझ्या अरहमच्या व्हिसाचं तू तीनदा विचारलंस. भावोजींचंच काम, मवालेहच्या बाजारातून निझव्याला भाजीची गाडी. गाडीचा मालक, तो अर्बाबही तयार आहे. मीच टाळतोय, हे तुला कळलंय.

फेब्रुवारीत भावोजींचा स्कॅन मी काढला होता. त्यांच्यासोबत खोलीत राहणारे लोक त्यांच्या घोरण्यावर हसायचे, पण एकाने मला सांगितलं, झोपेत यांचा श्वास थांबतो. दिवसा डुलक्या चालूच. मी हट्टाने त्यांना आमच्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरांनी गळ्याचा सीटी स्कॅन सांगितला. मशीनवरून उठताच ते म्हणाले, "मुजम्मिल, तूच बघून सांग. डॉक्टर उगाच गाडी बंद करेल."

मी साधा टेक्निशियन. पण आपल्या गावचे सगळे मलाच विचारतात, आणि मला ते आवडायचं. स्क्रीनवर श्वासाची वाट दिसत होती. म्हटलं, "मोकळी आहे, भावोजी."

"खलास मग," म्हणत ते हसत गेले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. जिभेमागची वाट फार अरुंद. जागेपणी एवढी, तर झोपेत मिटतच असणार. झोपेची तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नये. शुक्रवारी ते जेवायला येणार होते. फोन करून माझंच बोलणं खोटं पाडायची लाज वाटली. समोरच सांगू म्हटलं. गुरुवारी दुपारी निझव्याच्या रस्त्यावर गाडी उलटली आणि ते गेले. ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा नव्हती. टायर फुटला, असं तुला मीच सांगितलं.

टायर शाबूत होते, आपा.

बकरीदला मी गावी आलो होतो, तेव्हा दुपारी अरहम पडवीत झोपला होता. "बापासारखाच घोरतो," म्हणून किती महिन्यांनी तू हसलीस. मी उठून बाहेर गेलो. त्याची हनुवटीही त्यांच्यासारखीच आत आहे; अशांची श्वासाची वाट अरुंद असू शकते.

त्याला रत्नागिरीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ने. काय ते त्यांच्याच तोंडून ऐक, मला फोटो पाठवून विचारू नकोस. पाकिटात भावोजींचा रिपोर्ट आहे. नऊ महिने माझ्या कपाटात होता. तो डॉक्टरांना दाखव.

माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. अरहमला मात्र ने.

तुझा, तू म्हणशील तर,
मुजम्मिल