मशीनरूममधला जळका वास

७ ऑक्टोबर १९७४, सोम. वाशीम

आज पुन्हा जळका वास. केनवडच्या एका पोरीच्या डोक्याला वायरी लावून झाल्या होत्या, पेनं कागदावर छान चालली होती, आणि एकदम वास. गूळ करपल्यासारखा, त्यात रबर मिसळलेलं. मेन स्विच बंद केला, मशीन उघडलं. ट्रान्सफॉर्मर गार. एकही रेझिस्टर काळा नाही.

निर्मला सिस्टर म्हणाल्या, "मले तं कायी वास नाई येऊन राह्यला, साहेब." त्यांना बारा महिने सर्दी.

पोरीची आई भडकली. "पोरगी रातभर जागी ठेवली तुमच्या सांगण्यावरून. आन तुमी डबा उघडून बसले!" खरंच होतं. झोपेत मेंदूच्या लहरींतला दोष जास्त दिसतो, म्हणून आम्हीच रात्रभर जागवायला सांगतो. पोरगी बाकावर बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं. परत पाठवली. याला मिरगीचं संशोधन म्हणायचं.

९ ऑक्टो., बुध.

सगळं मशीन सोडवलं. सोल्डरचे टाके पुन्हा दिले, धूळ काढली. बाहेरचा अर्थिंगचा खड्डा उकरून मीठ-कोळसा नव्याने भरला, पाणी ओतलं. दुपारी परत वास.

हे आठ पेनांचं एकच मशीन प्रकल्पाला मिळालंय. नागपूरहून इथल्या दवाखान्यात आणून बसवलं ते मी. जळालं तर खापर माझ्यावर. आसेगावच्या बौद्धवाड्यातला पोरगा इंजिनिअर झाला, मशीन दिलं तर जाळून बसला. तोंडावर कुणी म्हणणार नाही. म्हणायची गरजही नसते.

१२ ऑक्टो., शनि.

रोज पेशंट घेण्याआधी मशीन माझ्याच डोक्यावर तपासतो. दुसरं कुणी बसत नाही, करंट लागेल म्हणतात. सिस्टर वायरी चिकटवतात, मी डोळे मिटून पडतो. एरवी पेनं हलतात ना एवढंच बघतो, कागद टोपलीत. आज नीट पाहिला. डाव्या कानशिलाच्या दोन पेनांवर मोठ्या संथ लाटा, मध्येच टोकदार सुळके. बाकीची पेनं स्वच्छ.

म्हणजे त्या दोन चॅनेलांतच काहीतरी शिजतंय. वासाचं मूळ सापडलं! जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

१४ ऑक्टो., सोम.

दोन्ही चॅनेलांचे भाग बदलले. पुन्हा डोक्यावर लावलं. तेच.

मग साधी युक्ती. डावी-उजवीकडच्या वायरी मशीनपाशी अदलाबदल केल्या. बिघाड मशीनचा असेल तर लाटा त्याच पेनांवर राहायला हव्यात. त्या पलीकडच्या पेनांवर गेल्या. म्हणजे वायरी खराब. नव्या वायरी जोडल्या. तेच.

सिस्टरना विनवण्या करून बसवलं. "डोक्याले तेल हाय माह्या, मंग म्हनसान सांगतलं नाई." कानशिलं साबणाने धुतली. त्यांचा कागद सगळ्या पेनांवर स्वच्छ. त्याच वायरी, तेच मशीन.

त्यानंतरही संध्याकाळपर्यंत टाके देत बसलो. कशाला, कोण जाणे.

२० ऑक्टो., रवि. आसेगाव

दादासोबत शेतात. बांधावर बसून चहा. वास आला. इथे मशीन नाही, विजेचा खांबसुद्धा नाही. विचारलं, "दादा, काय जळून राह्यलं?"

पुढचं मला आठवत नाही. दादाने सांगितलं ते लिहितो. कप तिरपा झाला, गरम चहा मांडीवर सांडला, तरी मी हललो नाही. तोंड चघळल्यासारखं चालू. एका हाताने सदऱ्याचं बटण ओढत होतो. "मी आवाज देऊन राह्यलो, तू माह्याकडं पाहून राह्यला, पन तुले मी दिसूनच नाई राह्यलो."

असंच वर्णन मी पेशंटांच्या घरच्यांकडून ऐकून लिहून घेतलेलं आहे. किन्हीराजाच्या एका बाईने नवऱ्याबद्दल जवळपास याच शब्दांत सांगितलं होतं. आधी वास, मग माणूस समोर असून नसतो. कानशिलातून उठणारी मिरगी.

मशीनमध्ये काहीच जळत नव्हतं. लाटा माझ्या होत्या. एवढे दिवस कुठे शोधत होतो मी! भीती वाटते. दुसरं काही नाही, नुसती भीती.

२१ ऑक्टो., सोम.

मांडीला फोड आलेत. घरी विमलला सांगितलं, चहा सांडला. "लेकरू हाव काय तुमी?" म्हणाली आणि खोबरेल लावून दिलं. पुढचं सांगितलं नाही. आधी डॉक्टरांना दाखवू, मग...

२५ ऑक्टो., शुक्र.

डॉक्टरसाहेब पंधरवड्याने नागपूरहून येतात, ते आज आले. पेशंटांच्या कागदांनंतर माझा पुढे ठेवला.

"कुणाचा हा?"

"माझा."

चष्मा काढला, पुसला, परत घातला. एरवी मला मिस्टर म्हणतात, आज "बसा हो" म्हणाले. या वयात नव्याने फिट सुरू झाली आणि लाटा एकाच बाजूला, तेव्हा आत काहीतरी वाढत असेल असं धरून चालायचं. नागपूरला या. मानेतल्या धमनीत औषध सोडून डोक्याचे एक्सरे काढतात, त्यात कळेल. गोळ्या आजपासून.

विलायतेत म्हणे कवटी न उघडता मेंदूचे काप दाखवणारं यंत्र आलंय. आपल्याकडे कधी येईल, हे त्यांनीच मला विचारलं. मी इंजिनिअर ना! काय सांगणार, कप्पाळ?

२ नोव्हेंबर, शनि. नागपूर

एक्सरे झाला. औषध सोडल्यावर अर्धं तोंड भाजल्यासारखं झालं, डोळ्यापुढे वीज. विमलला ऑफिसचं काम सांगून आलोय.

सर्जननी फिल्म उजेडावर धरून दाखवली. धमनीची एक फांदी वर ढकललेली. खाली लिंबाएवढं काहीतरी आहे, पण ते फिल्मवर दिसत नाही. ढकललेल्या फांदीवरून अंदाज बांधायचा. आयुष्यभर मी हेच काम करतोय, न दिसणाऱ्या गोष्टीचा रेघांवरून अंदाज. आज अंदाज नको वाटला.

काढता येईल म्हणाले. पण उजव्या हाताने लिहिणाऱ्याचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. ते थोडं जाईल, कदाचित सगळं. लिहिणं-वाचणंही त्याच्याबरोबर.

"आणि नाही काढलं तर?"

"किती दिवस, ते मी सांगू शकत नाही."

सोळा तारखेला भरती व्हा, नाहीतर तसं कळवा.

७ नोव्हें., गुरु. वाशीम

सिस्टरकडे पक्कड मागायची होती. शब्द आला नाही. हात पुढे करून उभा, "ते... ते द्या ना, ते." त्यांनी ओळखून दिली. हे त्या लिंबाचं, की कुणाचंही होतं तसं? आता प्रत्येक विसरण्याचा पंचनामा करायचा. वैताग नुसता.

त्यांना एव्हाना सगळं माहीत आहे. आता वायरी लावताना डाव्या बाजूला हात फार हळू फिरवतात. त्याचाच राग येतो.

१० नोव्हें., रवि. आसेगाव

मायला सांगितलं. माय रडली नाही, जात्यापाशी जाऊन बसली. शेजारची काकी लगेच म्हणाली, बाबाकडं न्या, बाहेरचं असन.

माय तिच्यावर खेकसली. "दीक्षा घेतली तवाच सोडलं ते सगळं. सोडलं म्हंजे सोडलं." संध्याकाळी वंदनेला विहारात गेली. परत आल्यावर माझ्या कानाशी हळूच, "मी एकलीच जाऊन इचारून आली तं चालते काय रे? तू नोको येऊ."

नाही म्हणालो. तिचं तोंड पाहिलं आणि म्हणालो, जा. गेली की नाही, मी विचारणार नाही.

१३ नोव्हें., बुध. वाशीम

विमलला सांगितलं. भाकरी थापत होती. हात तसेच पिठात.

"कोनाले कोनाले माहीत हाय?"

डॉक्टर. सिस्टर. दादा, माय.

"मंजे मीच मांगून." तव्यावरची भाकरी जळू दिली तिने. मी काहीतरी बोलायला लागलो, तुला त्रास नको म्हणून वगैरे. माझं मलाच खोटं वाटलं. मग म्हणालो, ऑपरेशन केलं तर बोलणं जाईल.

"तसेबी तुमी माह्यासंग कवा बोलता? येता, जेवता, वहीत लिवत बसता." आणि मग रडली, पिठाचे हात तोंडावर घेऊन. "मुके या. पन घरी या."



१५ नोव्हें., शुक्र.

उद्या सकाळच्या एसटीने निघायचं. विमल सोबत येते आहे. नागपूरला पोचून सही करीन की तसाच परत फिरीन, अजून ठरत नाही. न बोलता घरात वावरणारा मी कसा असेन, डोळ्यापुढे आणून पाहिलं. नाही जमलं. दुसरं जे आहे तेही डोळ्यापुढे आणवत नाही.

संध्याकाळी ओट्यावर दोघं बसलो. म्हटलं, आज बोलू. काय बोलावं सुचेना, तर मी तिला अर्थिंग म्हणजे काय ते समजावत बसलो. ती ऐकत होती, शहाण्यासारखी.

मध्येच म्हणाली, "एकडाव मले नावानं हाक मारा."

इतकी वर्षं "अवं", "आयकलं काय" यावरच भागलं. वहीत रोज लिहितो ते नाव तोंडाने कधी घेतलंच नव्हतं. समोरच्या ओट्यावर माणसं होती, लाज वाटली. घेतलं.

"अजून एकडाव," ती म्हणाली.