अव्वाची दाढ

प्रिय पुनम,

नांदेडहून आलेली तुझी चिठ्ठी चार वेळा वाचली. दातांच्या डॉक्टरकीचं कॉलेज सोडून घरी येते म्हणतेस. स्वतःच्या आईचं दुखणं मला कळलं नाही, मग कसली डॉक्टर, असं लिहितेस.

तुझी अव्वा जाऊन आज महिना झाला. तिची मिश्रीची डबी अजून कोनाड्यातच आहे. भूकंपाच्या पहाटे ती घराबाहेर पळाली तेव्हा एका हातात तू होतीस आणि दुसऱ्या हातात ती डबी, असं मी तिला जन्मभर चिडवलं. अशा बाईची अक्कलदाढ काढल्यावर इथले डॉक्टर म्हणाले, खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, ती हलली तर जखम भरत नाही. आज चूळ भरू नका, उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्यानं हलक्या गुळण्या करा, गोळ्या पाच दिवस पुऱ्या घ्या, मिश्री बंद. हिनं मुकाट मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ठणका कमी झाला, तशा गोळ्या ठेवून दिल्या. तिसऱ्या दिवशी मिश्री लावली. मी बघितलं आणि हसलो.

पाचव्या दिवशी जबड्याखाली सूज आली. तोंड उघडेना, पेजही गिळवेना. तुझी परीक्षा चालू होती. बारावीला तू लातूरला क्लासला होतीस, तेव्हा आजी गेल्याचं सीईटी होईपर्यंत आम्ही तुला कळू दिलं नव्हतं. तुझा नंबर लागला. अडतीवर सगळे मला म्हणाले, विरूपाक्ष अप्पा, बरं केलंत. मलाही ते शहाणपणच वाटलं.

आता तुला ठाऊक नाही ते लिहितो. त्या सकाळी अव्वा भिंतीला धरत फोनपाशी गेली होती. दातांतल्या दातांत म्हणाली, "पोरीला इचारते. तिला कळतंय समदं." मी तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. म्हणालो, परवा शेवटचा पेपर आहे, तो होऊ दे. तिनं ऐकलं. संध्याकाळी श्वास लागला आणि लातूरला नेताना वाटेतच ती गेली.

पोरी, तुला कळलं नाही असं म्हणू नकोस. तुला कुणी विचारलंच नाही, मी विचारू दिलं नाही. तू फोनवर एका शब्दात सांगितलं असतंस, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. हे मी महिनाभर गिळून बसलो. तुझी चिठ्ठी आली नसती तर कदाचित बोललोही नसतो, इतका मी भित्रा आहे. माझं तोंड बघू नकोस, हवं तर घरी येऊ नकोस, पण कॉलेज सोडू नकोस. सूज गळ्यापर्यंत आली तेव्हाही तिला भरवसा तुझाच होता.

तुझाच अपराधी,
अप्पा