चेटकिणीने रेलून बसू नये

तीर्थरूप आत्यांस,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा कमरेपर्यंतचाच समजावा). तुमचा खोकला गेला असेल आणि तुमच्यापुढे डॉक्टर अजून टिकून असतील, अशी आशा आहे.

मी ठीक. सोळा वर्षांत मुलांच्या पुस्तकांसाठी एक्केचाळीस चेटकिणी रंगवल्या, बेचाळिसावीपाशी गाडी अडली आहे. गोष्ट अशी, की राजा शेजारची तीन गावं जाळतो (त्याला शूर म्हटलंय) आणि राणी, म्हणजेच चेटकीण, नदीवर पूल बांधून त्यावर स्वतःचं नाव कोरते. शेवटच्या पानावर तिचं वटवाघूळ होतं आणि राजाचं दुसरं लग्न. मी मुकाट्याने रंगवलं, फक्त राणीला सिंहासनात ऐसपैस टेकून बसवलं. संपादकांनी चित्र परत पाठवलं: नाक वाढवा, हनुवटीवर चामखीळ द्या आणि बाईंना जरा पुढे सरकवा. राजा अख्खा पसरलाय, त्याचं काय, असं मी विचारलं. तो म्हणे राजाचा रुबाब. "बाई रेलून बसली की मुलं घाबरतात," असं ते मला समजावत होते, स्वतः खुर्ची करकरेपर्यंत मागे रेलून. मग खात्री करायला शाळेतली नऊ मुलं बोलावली. एकही घाबरलं नाही. एका मुलीने तेवढं विचारलं, की हिला शिक्षा कशाबद्दल? हा प्रश्न त्या वयाला शोभत नाही, असं म्हणून साहेबांनी चहा मागवला. (चामखीळ मी दिली. राजाला. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.)

हे गृहस्थ महिनाअखेर निवृत्त होताहेत. त्यांच्या खुर्चीवर माझा डोळा आहे, अशी कुजबुज ऑफिसात चालते. खुर्चीमागे धावणारी मी नव्हे. खुर्चीने माणसाचं काय होतं, ते रोज बघतेच आहे.

तुमची भाची

ता. क. अर्ज दिला आहे. प्रकाशनाच्या विश्वस्तांची बैठक सोमवारी. सातांपैकी तीन मतं माझी धरली आहेत, चौथं तुमचं लागेल. मंडळावर तुम्ही एकट्याच बाई, आणि बिस्किटांची बशी फिरवायचं काम तुमच्याकडे असतं, हेही कळलंय.

ता. क. २. दुसरा अर्ज तुमच्या धाकट्याचा आहे. गुणी आहे तो. ऑफिसात लागल्यापासून दोन वर्षांत कोणाला नाही म्हणालेला नाही, म्हणून सगळ्यांना हवासा वाटतो. तरी मत मलाच द्या, आणि सोमवारपर्यंत त्याला कळू देऊ नका. त्याच्याच आईकडे असलं मागताना लाज वाटेल म्हणून दुपारपर्यंत थांबले. वाटली नाही. पत्र पेटीत टाकते आहे.