रीलमधला गाळ

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पोलीस ठाण्यातून सुमेधचं सामान मिळालं. गळाची काठी, तिच्यावरचं दोर गुंडाळायचं रील, पिशवी, एक चप्पल. बाबांनी सही केली. हवालदार भला माणूस, काठी गाडीत ठेवायला स्वतः आला. "बॉडी मिली तो फोन करेंगे, बाबूजी." बाबा त्याला थँक्यू म्हणाले. कशाबद्दल, ते त्यांनाच ठाऊक.

धाकटा भाऊ नर्मदेवर मासे धरायला गेला आणि आलाच नाही, याला तीन आठवडे होऊन गेले. त्याचा दोस्त फिरोज चहा आणायला वर गेला होता. परतला तर काठी खडकांत अडकलेली आणि सु. नाही. यापुढचं कुणालाच माहीत नाही. पाय घसरला असेल. मोठा मासा लागला असेल. लोक मला दोन्ही सांगतात, जसे काही तिथे उभे होते.

आईने काठी कोपऱ्यात उभी केली. रील काढून पेपरात गुंडाळलं आणि त्याच्या कपाटात ठेवलं. म्हणाली, कुणी हात लावायचा नाही, आला की त्याचं तो बघेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसला गेले. विजय नगरपर्यंत बस, उभ्यानेच. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. टीम लीडने विचारलं, काही कळलं का. नाही म्हटलं. मग त्याने एक रखडलेलं काम माझ्या गळ्यात मारलं. बरं केलं, दिवस तरी गेला.

संध्याकाळी बाबांनी विषय काढला. जलदान विधी करून टाकू म्हणाले, गेलेल्याच्या नावाने करतात तो. विहारातल्या भन्तेजींशी बोलून आलेत, पुढच्या महिन्याचा पहिला रविवार मोकळा आहे, तीस तारखेपर्यंत कळवायचंय. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "पाणी द्यायचं म्हणता? अजून किती पाणी देता त्याला?"

कुणी जेवलं नाही. भाकऱ्या तशाच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कपाटातून नदीचा वास येतो. आई देवळात जावं तशी त्या कपाटासमोर जाऊन बसते. (आम्ही देवळात जाणारे नाही, पण दुसरं काय म्हणू.)

ती भाजी आणायला गेली तेव्हा पेपर उघडला. गाळ वाळून चिकटलाय. हँडल फिरवलं तर आत कचकच. बाबा मागे येऊन उभे. त्यांचा जन्म गेला महूच्या फौजी वर्कशॉपात, त्यांना मळलेली मशीन बघवत नाही. महिन्याभरात जाम होईल म्हणाले.

आईला सांगितलं. तिची अट एकच: आला तर वापरता आलं पाहिजे. म्हणून हो म्हणाली.

साफ मी करायचं ठरलं. मीच, कारण याला इतिहास आहे. सु.चं पहिलं रील बाबांनी मारलं, तेही प्रेमाने. मुलाला सरप्राइझ म्हणून थिनरमध्ये बुडवून ठेवलं, रायफलीचा भाग ठेवावा तसं. सकाळी वरचा रंग गेलेला, बॉडी पांढरट, हाताला चिकट. सु. ओरडला नाही. फक्त म्हणाला, "बाबा, हे लोखंड नाहीये. ग्रेफाइट आहे, म्हणजे अर्धं प्लास्टिकच. ह्याला बाळासारखं कोमट पाणी न् साबण लागतो." पुढे बरेच दिवस बाबांशी जेवढ्यास तेवढं. बाबा तेव्हा मला म्हणाले होते, हे कसलं मशीन, ज्याला थिनर सोसत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसमधून सियागंजच्या बाजारात. मऊ ब्रश आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेतली. दुकानदार ऐकेना. "थिनर ले जाओ दीदी, मिनट में चकाचक." म्हटलं, भिया, चकाचक नको, नुसतं साफ पाहिजे. कोणाला मछलीचा शौक, असं विचारलं त्याने. "भाई को है," म्हटलं.

"था" तोंडातून निघालं नाही. आणि नावं ठेवते मी आईला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दारातच वास आला. थिनर.

बाबा ओसरीत खाली बसलेले. पुढे जुना टॉवेल, त्यावर स्क्रू ओळीने मांडलेले. रीलचं बाजूचं झाकण काढून चिंधीने पुसत होते. गेट रंगवताना उरलेला डबा शेजारी. झाकणावरची केशरी पट्टी गेली होती, पांढरे डाग पडले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "थोडंसंच लावलं. गाळ निघत नव्हता." पोरासारखे. मला संताप आला आणि रडूही, दोन्ही एकदम.

आई आतून आली. झाकण उचलून बघितलं.

"आता तो आला की काय सांगू मी?"

बाबा चिंधी हातात धरून म्हणाले, "तो येणार नाही गं. येणार नाही आता."

इतक्या दिवसांत हे वाक्य आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. मीही नाही. आईने झाकण टॉवेलवर ठेवलं, सांडलेलं थिनर फरशीवरून पुसून घेतलं आणि आत गेली.

नंतर बाबा बराच वेळ साबणाने हात धूत होते. म्हणाले, "माझे हात आपोआप तिकडेच जातात. तू कर. मला जवळ येऊ देऊ नकोस."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ठाण्याचा फोन. नदीच्या खालच्या अंगाला एक बॉडी. बाबा उठून चप्पल शोधायला लागले, फिरोज घरी आलेला होता, त्याने त्यांना जाऊ दिलं नाही, स्वतः गेला. दुपारी त्याचा फोन. "नहीं है, दीदी. बुज़ुर्ग आदमी है." फोनवर रडत होता. मलाही बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज. तोही कुणाचा तरी असणारच.

आई मला एवढंच म्हणाली, "बघ. तो नव्हताच." बाबांकडे बघितलं नाही तिने.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. धुतलं.

पाणी हाताला कोमट लागेल इतकंच तापवलं. भांड्यांच्या साबणाचे थेंब. वाळलेला गाळ आधी घासायचा नाही, भिजू द्यायचा, नाहीतर रेती चरे पाडते. नळाखाली धरायचं नाही, जोराच्या धारेने माती आणखी आत जाते. हे सगळं सु.चंच, मी तेव्हा अर्धवट ऐकलेलं. एका हातात रील, एका हातात ब्रश, मग पाणी कोण ओतणार? बाबांना बोलवायचं नव्हतं.

आई आली. तांब्या उचलला आणि बारीक धार धरली. मी ब्रश फिरवत गेले. खालच्या परातीत पाणी आधी काळं, मग मातकट, मग तेवढं नाही. ती ओतत राहिली. पुरे म्हटलं तरी थोडं ओतलंच. बाबा खोलीच्या दारात उभे होते. जलदानात असंच हळू पाणी ओततात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

बाबांच्या जुन्या बनियनने टिपलं. सावलीत ठेवलं. पांढरे डाग गेले नाहीत, जाणारही नाहीत.

परातीतलं पाणी आईने मोरीत ओतू दिलं नाही. पेरूच्या मुळाशी घातलं.

३० नोव्हेंबर, रविवार

वाळलं. हँडलला तेलाचा थेंब दिला. बाहेरून छान दिसतं, पण फिरवलं की अजून कचकच. दोर गुंडाळलेल्या फिरकीखाली गाळ आहे. तिथे पोचायचं तर वरचं बटण काढावं लागतं. माशाने ओढलं की दोर किती सुटावा, ते त्या बटणावर ठरतं. सु. ते आपल्या हाताच्या अंदाजाने लावायचा, आम्हाला बोटही लावू द्यायचा नाही. एकदा सोडलं की त्याने लावलेलं परत लागणार नाही.

मी थांबले. आईला दाखवलं. आत गाळ राहिला तर काय होईल, तिने विचारलं. जाम होईल, म्हटलं. आणि काढलं तर? तेही सांगितलं.

"म्हणजे हे शेवटचं त्यानेच फिरवलेलं?"

हो म्हटलं.

तिने रील माझ्या हातातून घेतलं. बटण कुठल्या बाजूला सुटतं, ते विचारलं. डावीकडे म्हटलं. ते घेऊन ती सु.च्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

सहा वाजत आलेत. जलदान करायचं की नाही, ते भन्तेजींना आजच कळवायचंय. बाबांनी त्यांचा नंबर काढून मोबाइल मांडीवर ठेवलाय, स्क्रीन विझली की पुन्हा बोट लावतात. आई अजून बाहेर आलेली नाही.