सयाजीचा वायरमनचा दाखला

मथुरा,

आपल्या यमूचं बारसं झालं त्या वर्षी माझ्या पोरानं, सयाजीनं वायरिंगचं काम धरलं. आता ती शाळेत जाते. दाखल्यासाठी वर्षभर शिकायचं, म्हणजे तेवढी मजुरी बुडणार. "काम तर येतंय, मग कागद कशाला?" असं तू काल म्हणालीस. तोंडानं सांगवत नाही, म्हणून तू शिकवलेल्या अक्षरांत लिहितोय.

मी चामराजपेटेत शिंप्याच्या दुकानात चाललोय. वर्षभर काजं करीन. डोळे स्वल्प कमी झालेत, पण जमेल. जेवायला थांबू नकोस. सयाजीला फॉर्म भरू दे.

माझा धाकटा भाऊ खंडोजी न शिकताच विजेचे दिवे जोडायचा. १९५२ साली रामनवमीच्या मंडपात त्यानं मेन स्विच बंद न करता तारेला हात लावला आणि तिथंच वारला.

मामंजी