कोरी नाणी

३ मार्च

ती. काकांस,
ठकूचा शि. सा. न. वि. वि.

पाटल्या झाल्या! मागच्या खोलीची फरशी उकरताना सापडलेल्या तांब्यातली नाणी सोनाराने माझ्यासमोर आटवली. लेकीचा हात तेव्हापासून सारखा हवेतच असतो.

फोटो पाठवून बोलावलं, तर तुम्ही घरबसल्याच निकाल दिलात: सोनं खरं असेल, पण नाणी अलीकडची नक्कल, जुनी असती तर झिजली असती, इतकी कोरीकरकरीत राहिली नसती, खुशाल दागिना करा. आणखी कुणाला तरी दाखवू, असं हे म्हणत होते. मी म्हटलं, जन्मभर नाणी जमवणारा काका असताना परक्याला कशाला विचारायचं?

एक नाणं न आटवता मागे ठेवलं होतं, ते आठवण म्हणून पाठवते. वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो जरा लांब पत्रातून दिसू द्या.

तुमची ठकू

११ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळच लिहितो. नाणं अस्सल आहे. जुनं आहे.

खिडकीशी नेऊन भिंगाखाली तिरपं धरलं. ठसा मारताना सोनं मधून कडेला सरकतं, त्याच्या बारीक रेषा उठतात. नाणं उजेडात फिरवलं की त्यांवरून चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. ओतीव नकलेत ती नसते. झीज नव्हती, कारण ही नाणी कुणी वापरलीच नव्हती. टाकसाळीतून निघाली ती थेट जमिनीत गेली. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. फोटोवरून मत देऊ नका, असं नवशिक्यांना मीच ओरडून सांगायचो.

असा साठा एकदा बघायला मिळावा म्हणून आयुष्यभर झुरलो, आणि मिळाला तेव्हा खुर्चीतून उठलो नाही. नाणं उद्या संग्रहालयात देतो. बाकीची कुठे, असं विचारतील. माझंच नाव सांगेन.

जावईबापूंना काय तोंड दाखवू? जमलं तर लोभ राहू दे.

काका

१९ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचून घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. लेकीने पाटल्या काढून रुमालात बांधल्या. हाताला जड लागतात म्हणाली. पुन्हा घाल, असं मला म्हणवलं नाही.

दोन दिवस तुमच्यावर रागावले. मग राग माझ्याकडे वळला. काकू गेल्यापासून तुम्ही घराबाहेर पडत नाही. वाटलं, नाण्यांसाठी तरी याल. म्हणून फोटो मुद्दाम पुसट काढले, काका. नीट दिसलं नाही की चिडून पहिल्या गाडीने निघाल, असा माझा अंदाज होता. तुम्ही त्या पुसट फोटोंवरच मत दिलंत, आणि तुम्ही येत नाही याच्या रुसव्यात मी सोनाराकडे गेले.

यांना हे अजून सांगितलेलं नाही. एकटीने सांगायचा धीर होत नाही. तुम्ही या. तुम्ही शेजारी बसा, मी सांगते.

लोभ असेल तेवढा असू दे, पण या.

तुमची ठकू