खिशातला कांदा

२ मे १९९६, गुरुवार
लागली एकदाची सुट्टी! पोरं दिवसभर घरात — म्हणजे खरं तर बाहेर. ह्यांची रातपाळी. सकाळी कारखान्यातून, कापडाच्या मागावरून येतात, चार वाजेपर्यंत झोपतात. खोली एकच. कुंदन नुसता शिंकला तरी पांघरुणातून आवाज, "पोरं बाहेर काढ!" कुठे काढू? सुरतेत, गोडादऱ्याच्या ह्या गल्लीत झाड औषधालासुद्धा नाही.

मागच्या उन्हाळ्यात कुंदनला ऊन लागलं होतं. गेल्या महिन्यात आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो, तर सासूबाईंनी सगळ्यांदेखत सुनावलं, "यंदा परत तसं व्हयनं ते पोऱ्याले मी गावले लई जासू. शाळाबी तठेच." हे खाली मान घालून जेवत राहिले. नेहमीचंच ह्यांचं! मी पोरगं देणार नाही.

४ मे, शनिवार
दोघांच्या खिशात एकेक कांदा घातला. कांद्याने लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही म्हणतात. धनश्रीने तिचा मीठ लावून खाल्ला. दुसरा दिला. तोही!

७ मे, मंगळवार
चेंडू हरवला म्हणून कुंदनने क्रिकेटमध्ये कांदाच टाकला. पहिल्याच फटक्याला चिंध्या. शेजारच्या सरलाबाई हसून बेजार — "रंजना, मैदानात कोशिंबीर झाली ना गं तुझी!"

९ मे, गुरुवार
आत्ता कुठे लिहायला बसले.

भर दुपारी कुंदन मैदानात, उघड्या डोक्याने. ओरडले, तर खिसा थोपटून दाखवतो — "कांदो छे ने खिस्सामां!" गुजराती मला शिकवतो! जवळ जाते तो तोंड लालबुंद, आणि तिथेच ओकला. उचलून सरलाबाईंच्या ओट्यावर सावलीत आणला. शर्ट काढला, अंग ओल्या फडक्याने पुसलं, वारा घातला, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. संध्याकाळी हा हसायला लागला आणि मी रडायला. कांद्याच्या जिवावरच तो उन्हात थांबला होता. आणि कांदा मीच दिलेला!

सासूबाईंना कळू द्यायचं नाही असं ठरलं. धनश्रीला गप्प राहायचं चॉकलेट दिलं.

११ मे, शनिवार
आज हे न झोपता बांबू घेऊन आले! कारखान्यातल्या रिजेक्ट साड्या गल्लीवर ताणून मांडव बांधला. डोक्यावर सगळे मोर आणि पोपट. कोपऱ्यात माठ. पोरांकडून पाठ करून घेतलं — दुपारी मांडवाबाहेर पाय नाही, तहान लागायच्या आधी पाणी, कुणाला गरगरलं तर सावली, ओलं फडकं, घोट घोट पाणी आणि मोठ्यांना हाक. धनश्री फौजदार. सरलाबाईंचे यजमान पंडितभाऊसुद्धा पाणी प्यायल्याशिवाय कामावर जाऊ शकत नाहीत.

१५ मे, बुधवार
गावाहून निरोप. सासूबाई रविवारी येणार!

१९ मे, रविवार
हे पर्वत पाटियाच्या बसथांब्यावर घ्यायला जाणार होते — झोपून राहिले! सासूबाई कुणासाठी थांबतात होय? भर उन्हात चालत निघाल्या. मांडवाशी आल्या, "कोठे शे मना नातू?" म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

मी हातातलं टाकून धावले, पण पोरं आधीच पोचली होती. कुंदनने डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. धनश्री वाटी घेऊन — "आजी, घोट घोट! गटागटा नाही!" सासूबाईंनी वाटी तोंडाला लावली, तर हिने काढूनच घेतली!

मी त्यांचा पदर सैल केला, तर कमरेच्या गाठीतून भलाथोरला कांदा घरंगळला.

"आजी, तू पण?" कुंदन म्हणाला. "माझ्यापण खिशात होता. तरी मी ओकलो!"

गेलं चॉकलेट पाण्यात! सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला जेवण गेलं नाही.

२० मे, सोमवार
सासूबाई दुपारभर मांडवात, पोरांच्या पहाऱ्यात. संध्याकाळी म्हणाल्या, "पोऱ्याले कसाले लई जाऊ? तोच माले सांभाळस."

जिंकले! देवापुढे साखर ठेवली. कुंदनचे इतके मुके घेतले की तो पळाला.

२१ मे, मंगळवार
सासूबाईंनी गावाहून त्यांची ट्रंक मागवलीय. "मीच आठे ऱ्हासू."

खोली एकच!